एकच घाणा, सगळी घरं
नाताळच्या घरगुती भेटींचा हिशेब आणि कृती

डिसेंबर लागला की नाताळच्या आनंदामागोमाग खर्चाची धाकधूकही घरात शिरते. नवे कपडे, गोठ्याचं सामान, पंचवीस तारखेचं जेवण, गावाहून येणारी मंडळी, आणि या सगळ्यावर भेटी. भाऊ-बहिणी, त्यांची मुलं, आजी-आजोबा, धर्मपिता-धर्ममाता, गायनमंडळातल्या मैत्रिणी, ऑफिसात चिठ्ठीत ज्याचं नाव निघालं तो सहकारी, दिवाळीत ज्यांच्याकडून फराळाचं ताट आलं ते शेजारी. यादी पंचवीस नावांपर्यंत सहज जाते. माणशी ३०० रुपये धरले तरी ७,५०० रुपये झाले. जानेवारीत शाळेची फी आणि घरभाडं समोर उभं असताना हा आकडा बऱ्याच घरांना पेलवत नाही.

अशा वेळी ‘घरीच काहीतरी करून देऊ’ हा विचार मनात येतो आणि तो योग्यच आहे. पण घरी केलं म्हणजे स्वस्तात झालं, असं आपोआप होत नाही. सिलिकॉनचे साचे, रिबिनी, चमकी, सुगंधी तेलाच्या बाटल्या, शोभेच्या बरण्या अशी खरेदी सुरू झाली की तयार भेटीपेक्षा जास्त पैसे जातात आणि अर्धं सामान पुढची दोन वर्षं माळ्यावर पडून राहतं. दुसरी चूक म्हणजे प्रत्येकासाठी वेगळं काहीतरी करायला जाणं. पंचवीस माणसांना पंचवीस कल्पना शोधायच्या, तर त्यात पैसा जातो, वेळ जातो आणि शेवटच्या आठवड्यात घरातली एकटी बाई रात्री दोनपर्यंत जागत बसते.

माझा आग्रह एवढाच आहे की पदार्थ किंवा वस्तू एकच निवडा, फार तर दोन. ती या दिवसांत बाजारात मुबलक असलेल्या जिनसांची असावी, घरात आधीपासून असलेल्या भांड्या-बरण्यांत मावणारी असावी, आणि एका बैठकीत दहा-पंधरा घरांपुरती व्हावी. वेगळेपण पदार्थात आणायची गरज नाही. सोबतच्या चिठ्ठीत दोन ओळी त्या माणसाच्या नावानं, त्याला उद्देशून लिहिल्या की भेट त्याची स्वतःची होते.

हे काही नवं नाही. गोव्यात आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळची ताटली शेजारीपाजारी पाठवण्याची रीत जुनीच आहे. गोव्यात त्या गोडधोडाला कुस्वार म्हणतात. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, पेराद, गुलाब बिस्किटं असं थोडं थोडं ताटलीत मांडायचं, वर विणलेला रुमाल घालायचा आणि पोरांच्या हाती घरोघर धाडायचं. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या बाजूच्या मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा नाताळचा फराळ होतो आणि त्याची ताटंही अशीच फिरतात. त्या रीतीत सगळ्यांना एकच पदार्थ जातो आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आपण तीच रीत भेटीसाठी वापरायची आहे.

डिसेंबरात काय स्वस्त असतं ते आधी बघा. महाराष्ट्रात या महिन्यात पेरू आणि संत्री मुबलक येतात. संत्र्याचं तर गर खाऊन झाल्यावर जे फेकून देतो त्यातूनच उत्तम भेट तयार होते. ती म्हणजे पाकवलेली साल. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असते, त्यामुळे ती चटकन मऊ होते. आठवडाभर घरात संत्री खाल्ली जातील तशा सालींच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या करून फ्रिजमध्ये डब्यात साठवा. सालींना वरून मेण चोळलेलं असू शकतं, म्हणून फळ सोलण्यापूर्वी कोमट पाण्यात घासून धुऊन घ्या. पुरेशा पट्ट्या जमल्या की थंड पाण्यात घालून उकळी आणा, पाच मिनिटांनी ते पाणी ओतून टाका आणि पुन्हा ताजं पाणी घालून उकळा. असं तीनदा केलं की कडवटपणा जातो. मग निथळलेल्या सालींच्या वजनाइतकी साखर घ्या, साखर भिजेल एवढंच पाणी घाला आणि साली त्यात मंद आचेवर शिजू द्या. साली काचेसारख्या पारदर्शक दिसू लागतात आणि पाक जवळजवळ आटतो, तेव्हा गॅस बंद करा. जाळीवर किंवा तूप लावलेल्या ताटात सुट्या पसरून एक-दोन दिवस वाळवा आणि साखरेत घोळवा. कोरड्या बरणीत त्या महिनाभर सहज टिकतात. चहाबरोबर खाता येतात, केकमध्ये बारीक चिरून घालता येतात. भांड्यात उरलेला संत्र्याच्या वासाचा पाक टाकू नका. गाळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, सरबताला छान लागतो.

पेरूची भेट म्हणजे गोव्याचं पेराद. पिकून मऊ पडलेले पेरू बाजारात संध्याकाळी कमी भावात मिळतात आणि पेरादाला तेच लागतात. डाग पडलेला भाग काढून टाकायचा, कुजका पेरू मात्र घ्यायचा नाही. फोडी थोड्याशा पाण्यात मऊ शिजवून चाळणीतून घोटून गाळा, म्हणजे बिया वर राहतील. गराचं वजन करा. एक किलो गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. जाड बुडाच्या पातेल्यात किंवा कढईत मंद आचेवर हलवत राहायचं. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं, मग गर घट्ट होतो आणि फटफट उडायला लागतो. तो अंगावर उडाला तर चांगलंच भाजतं. लांब दांड्याचा उलथना वापरा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि लहान मुलांना त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवा. साधारण पाऊण ते एक तासात गोळा कडा सोडतो. तेव्हा चमचाभर लोणी घालून एकदा फिरवा आणि तूप लावलेल्या ताटात दीड सेंटिमीटर जाडीचा थर ओता. रात्रभर तसंच ठेवून सकाळी वड्या पाडा, प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळा. अंडं नाही, चमचाभर लोणी सोडलं तर दुधाचंही काही नाही, त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत त्या दोन-तीन आठवडे बाहेरही राहतात. एका घरी सहा वड्या दिल्या तरी एका किलोच्या घाण्यातून सहा-सात घरं होतात.

ज्यांच्याकडे माणसांचा हात जास्त आहे त्यांनी कुलकुल करावेत. हा पदार्थ एकट्यानं करायचाच नाही. दुपारची जेवणं झाली की आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं, प्रत्येकाच्या हाती एक काटा किंवा कोरा नवा कंगवा द्यायचा आणि पिठाची छोटी गोळी त्यावर दाबून वळवायची. एक किलो मैदा, पाव किलो पिठीसाखर, चिमूटभर मीठ, चार मोठे चमचे गरम तुपाचं मोहन आणि लागेल तसं नारळाचं घट्ट दूध. पीठ पुरीच्या कणकेइतकं घट्ट भिजवून ओल्या कापडाखाली अर्धा तास ठेवा. काही घरांत यात अंडं घालतात. भेट शाकाहारी शेजाऱ्यांना जाणार असेल तर अंड्याशिवायही कुलकुल उत्तम खुसखुशीत होतात. गोळ्या सुपारीपेक्षा मोठ्या नकोत, नाहीतर आतून कच्च्या राहतात. तेल मध्यम तापवून मंद आचेवर बदामी होईपर्यंत तळा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की ते नरम पडतात. एवढ्या मापात सुमारे दीड किलो कुलकुल होतात. दीडशे ग्रॅमचं एक पुडकं धरलं तर दहा घरं झाली. मैदा, साखर, तूप, दोन नारळ आणि तळणीचं तेल यांची बेरीज करून तिला दहानं भागा, म्हणजे एका घराचा खर्च तुमच्याच बाजारभावानं कळेल. त्यात गॅसही धरा. घरच्या भेटींचा हिशेब करताना गॅस सगळेच विसरतात.

केक द्यावा की नाही? घरी ओव्हन असेल आणि हात बसलेला असेल तर जरूर द्यावा, पण मोठे केक करू नयेत. सुकामेवा, लोणी, अंडी यांनी तो महाग पडतो, म्हणून लहान साच्यांत पाव-पाव किलोचे केक करून एका घराला एक द्यावा. ओव्हन नसेल तर मोहल्ल्यातल्या बेकरीत विचारा. दिवाळीत घरचं सामान देऊन नानकटाई भाजून आणायची पद्धत आपल्याकडे होतीच, काही बेकऱ्या आजही केकचे ट्रे भाजून देतात. मात्र २२ तारखेनंतर त्यांना मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा आठवडाभर आधी वेळ ठरवून घ्या. सुकामेवा भिजवायला रम लागतेच असं नाही. पाव किलो मनुका, काळे बेदाणे, खजूर आणि वर सांगितलेली संत्र्याची साल एक कप संत्र्याच्या रसात पाच-सात मिनिटं उकळवा, गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. रमसारखं हे महिनोन्‌महिने टिकत नाही, चार-पाच दिवसांत वापरायचं. त्याच रसात जायफळ-दालचिनी घातली की केकला येणारा वास नाताळचाच असतो.

ज्या मैत्रिणी स्वतः केक करतात त्यांना केक देऊ नका, केकचा मसाला द्या. ४० ग्रॅम दालचिनी, १० ग्रॅम लवंग, २० ग्रॅम सुंठ पूड आणि दोन जायफळं. दालचिनी आणि लवंग कोरड्या तव्यावर नुसत्या कोमट करून दळा, जायफळ किसून घाला, सुंठ मिसळा आणि बारीक चाळणीनं चाळा. लहान बाटलीत पाच चमचे भरले तरी तिचे चार-पाच केक होतील. ही भेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पोचवायला हवी. चोवीस तारखेला हाती पडलेला केकचा मसाला पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतो.

मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसालाही अशीच मोलाची भेट आहे. पण तो उन्हाळ्यात, मिरच्या आणि बाकी जिन्नस कडक उन्हात वाळवून केला जातो. ज्यांच्या घरी तो होतो त्यांनी मे महिन्यातच चार छोट्या बाटल्या नाताळसाठी वेगळ्या काढून ठेवाव्यात. शहराबाहेर राहणाऱ्या भावंडांना यापेक्षा मोठा आनंद कोणत्याही दुकानातली वस्तू देणार नाही.

काही पदार्थ मात्र काटकसरीच्या यादीतून मी काढून टाकीन. काजूचं मार्झिपान सुंदर दिसतं, पण काजूच्या भावानं हिशेब कोलमडतो, आणि त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. बिबिंका थरावर थर भाजत करावी लागते, अंड्यांची पिवळी भरपूर लागतात, दिवस जातो. दोदोल स्वस्तात होतो, चवीला अप्रतिम असतो, पण तासन्‌तास घोटायला दोन दणकट हात लागतात. ते घरात असतील तर करा.

सगळ्याच भेटी गोड असाव्यात असंही नाही. नाताळच्या आठवड्यात प्रत्येक घरात गोडाचा ढीग पडतो आणि मधुमेह असलेल्या माणसाला तो नुसता बघावा लागतो. त्यांच्यासाठी चकली, शेव, तिखट-मिठाचे काजू-शेंगदाणे वेगळे काढा. एवढं लक्षात ठेवणं हीच त्यांना मोठी भेट वाटते.

आता खाण्यापलीकडच्या वस्तू. माझ्या मते यातली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात स्वस्त भेट म्हणजे हातानं केलेला तारा. दिवाळीचा आकाशकंदील उतरवल्यावर त्याच्या बांबूच्या कामट्या फेकू नका. साठ सेंटिमीटरच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्यांचा एक पाच टोकांचा तारा, असे दोन तारे दोऱ्यानं बांधून घ्या. टोकांना बांधा आणि कामट्या एकमेकींना जिथे छेदतात तिथेही बांधा. मग दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा. आतल्या बाजूला पाच छेद दिसतील. तिथे पुढच्या आणि मागच्या ताऱ्याच्या मध्ये दहा-बारा सेंटिमीटरची एकेक आडवी काडी अडकवा. तारा मधून फुगतो आणि त्याला पोट येतं. पुढून, मागून आणि कडेच्या फटींवर पतंगाचा पांढरा किंवा लाल कागद मैद्याच्या खळीनं चिकटवा. मागच्या बाजूला दिवा आत घालण्यापुरती एक फट मोकळी सोडा. आत एलईडीचाच दिवा लावा, जुना तापणारा पिवळा बल्ब कागदाला धोक्याचा. एखाद्या कुटुंबात नुकतंच बाळ आलं असेल, किंवा मुलं परदेशी गेल्यामुळे आई-वडील एकटे राहिले असतील, तर तारा नुसता देऊ नका. त्यांच्या गॅलरीत स्वतः चढून बांधून द्या.

गोठ्यासाठी हिरवळ पेरून देणं ही तर जवळजवळ फुकट होणारी भेट आहे. मूठभर गहू रात्रभर भिजवा. जुन्या ताटलीत किंवा दुधाच्या पिशवीच्या तळाशी भोकं पाडून त्यात दोन बोटं माती पसरा, त्यावर गहू दाट पेरा आणि दोन दिवस ओल्या कापडानं झाका. मग उजेडात ठेवून रोज पाणी शिंपडा. नऊ-दहा दिवसांत गोठ्यातल्या मेंढ्या उभ्या करण्याजोगं गवत तयार होतं. थंडी जास्त असेल तर एक-दोन दिवस जादा लागतात, म्हणून १२ किंवा १३ डिसेंबरला पेरलेलं बरं. गुडघेदुखीमुळे ज्यांना आता गोठ्याची मांडणी झेपत नाही अशा शेजारच्या आजींना ही ताटली नेऊन द्या आणि तासभर बसून गोठा मांडूनही द्या. कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली छोटी खवलेदार बोंडं पडलेली असतात. ती धुऊन, वाळवून, लाल दोऱ्यात ओवली की झाडाला लटकवायच्या माळा होतात. हे काम मुलांना द्यावं. त्यांना मित्रांसाठी स्वतःच्या हातानं केलेली भेट मिळते आणि आईच्या डोक्यावरचा भार उतरतो.

वृद्धांसाठी एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. मराठी मंडळ्यांतल्या अनेक आजी-आजोबांना भजनं तोंडपाठ असतात, पण वयोमानानं मधलं कडवं आठवत नाही आणि ‘उपासना संगीत’ची बारीक छपाई आता डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या आवडीची दहा-बारा भजनं मोठ्या, ठसठशीत अक्षरात काळ्या शाईनं एका वहीत उतरवून द्या. एका पानावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त नकोत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं तर अनेकांच्या बालपणाशी जोडलेली आहेत, ती आधी घ्या. कोणती भजनं हवीत हे त्यांनाच सहज बोलता बोलता विचारून घ्या. खर्च एका वहीचा आणि एका पेनाचा. पण ही वही रविवारच्या उपासनेला दर आठवड्याला हातात धरली जाते, आणि घरी संध्याकाळच्या प्रार्थनेलाही.

याच जातीची दुसरी भेट म्हणजे कुटुंबाचं कॅलेंडर. बारा कागद, प्रत्येकावर एक महिना पट्टीनं आखलेला, त्यात सगळ्यांचे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, गेलेल्यांचे स्मरणदिन, गावच्या चर्चचा सण. मूळ प्रत एक करायची आणि भावंडांइतक्या झेरॉक्स काढायच्या. कोपऱ्यात प्रत्येक घराचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहा. विखुरलेल्या कुटुंबात हे कॅलेंडर वर्षभर माणसं जोडून ठेवतं. आजीच्या हातच्या पाककृतींची वहीही अशीच करता येते, मात्र तिच्याजवळ बसून, तिची मापं तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ती ‘अंदाजानं’ म्हणाली तर तिला प्रत्यक्ष घालायला सांगा आणि तुम्ही वाटीनं मोजा.

शिवणकाम येणाऱ्यांसाठी जुन्या सुती साड्या हे भांडारच आहे. तान्ह्या बाळासाठी तीन-चार पदरी दुपटं, धावदोऱ्यानं शिवलेलं, साधारण नव्वद सेंटिमीटर चौरस पुरतं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड बाळाच्या अंगाला नव्या कापडापेक्षा सुखाचं. पण हे काम पंधरवड्यात रेटून होत नाही, ऑक्टोबरात सुरू करावं. वेळ नसेल तर त्याच साडीच्या बाजाराच्या पिशव्या शिवा, एका साडीतून अनेक होतात.

मेणबत्त्यांबद्दल मात्र थोडं थांबून विचार करा. मेण, रंग, सुगंध विकत आणून केलेली मेणबत्ती स्वस्त पडत नाही. घरात वर्षभराची वितळलेली टोकं साठली असतील तरच हा उद्योग करा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात बसणाऱ्या लहान भांड्यात मेण वितळवा, थेट गॅसवर कधीच नाही. जुन्या वातींचे तुकडे गाळून काढा, मधोमध नवी सुती वात धरा आणि जाड स्टीलच्या वाटीत किंवा छोट्या टिनात ओता. मेणानं पेट घेतला तर पाणी ओतू नका, झाकण घालून गॅस बंद करा. उरलेलं मेण मोरीत सोडू नका, ते पाइपात गोठून बसतं.

भेट बांधण्यात पैसा घालू नये असं माझं ठाम मत आहे. सरत्या वर्षाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची जाड पानं, उलट्या बाजूनं, चांगली पुडकी होतात. साडीचा तुकडा आणि सुतळी यांनी बरणी बांधली की ती कागदापेक्षा शोभून दिसते, आणि तो तुकडा नंतर घरात वापरता येतो. काचेच्या बरण्या लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या चालतील. साबणानं धुऊन दहा मिनिटं पाण्यात उकळवा आणि उन्हात पूर्ण कोरड्या करा. झाकणाला लोणच्याचा वास राहिलाच असेल तर त्या बरणीत गोड भरू नका. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी हवी: पदार्थाचं नाव, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचा, आणि त्यात अंडं, दूध, मैदा, शेंगदाणे किंवा काजू यातलं काय आहे. घरात कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला नेहमीच ठाऊक नसतं.

गावी किंवा दुसऱ्या शहरात पार्सल पाठवायचं तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाका. कुलकुल, पेराद, संत्र्याची साल प्रवासाला चांगली. गुलाब बिस्किटं आणि नेवऱ्या फुटतात, त्या हातानंच न्याव्यात. परदेशातल्या मुलांना घरचे पदार्थ टपालानं धाडण्यापूर्वी तिथले नियम त्यांच्याकडूनच तपासून घ्या. ऑस्ट्रेलियासारख्या देशात दुधाचे पदार्थ, बिया, वनस्पतिजन्य वस्तू यांवर कडक बंधनं आहेत आणि पार्सल अडवलं जातं. त्यांना पाककृतींची वही, कॅलेंडर किंवा आजीच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं भजन पाठवा.

एका ठिकाणी काटकसर करू नये. घरकाम करणाऱ्या मावशी, इमारतीचे वॉचमन, कचरा नेणारे दादा यांना घरगुती वड्यांचं पुडकं जरूर द्या, पण पैशांच्या बदल्यात नको. त्यांची नाताळची रक्कम पाकिटात वेगळी, आणि पंचवीस तारखेच्या चार दिवस आधी, म्हणजे त्यांच्या घरच्या खरेदीला ती उपयोगी पडेल. इतरांच्या भेटींत जे वाचवलं ते इथे वापरावं.

घरात दुरावा किंवा दुःख असलेल्यांचाही विचार करा. यंदा कुणाच्या घरात मृत्यू झाला असेल तर तिथे रंगीत पुडकं नेऊ नका. सकाळचा नाश्ता करून न्या, किंवा मध्यरात्रीच्या मिस्सेला त्यांना सोबत नेण्या-आणण्याची जबाबदारी घ्या. अशी मदत भेट म्हणून देताना ‘कधीही सांगा’ असं मोघम म्हणू नये. ‘चोवीस तारखेला रात्री अकरा वाजता मी रिक्षा घेऊन येते’ असं ठरवून सांगितलं तरच ती मदत त्यांच्यापर्यंत पोचते. लहान मुलं असलेल्या बहिणीला ‘जानेवारीतले दोन शनिवार मुलं माझ्याकडे’ असं चिठ्ठीवर तारखांसह लिहून देता येईल.

आणि सगळं चोवीस तारखेच्या आत व्हायलाच हवं, हा ताण सोडून द्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केल्याचं सांगितलं आहे. त्यांची आठवण ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला करतात. गोव्यात रेईस मागोस, चांदोर आणि कासावली इथे तो मोठ्या थाटात होतो. नाताळचा काळ तोपर्यंत चालू असतो, तेव्हा भेटही तोपर्यंत देता येते. ज्या चार-पाच घरी निवांत बसून बोलायचं आहे, त्यांची नावं सरळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाका. त्यांच्यासाठी पेराद, संत्र्याची साल किंवा कुलकुल २० डिसेंबरच्या घाण्यातूनच बाजूला काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात, नावाची चिठ्ठी लावून ठेवा. चिठ्ठी नसेल तर घरातली मुलं एकतीस तारखेच्या आत तो डबा रिकामा करतात.